रांगेत न दिसणारी माणसं : युद्धामुळे विस्थापित झालेल्यांसाठी काम करू इच्छिणाऱ्यांना

या कामाबद्दल विचारणाऱ्या बहुतेकांना आपण डॉक्टर किंवा नर्स नाही याचा कमीपणा वाटत असतो. तो मनातून काढून टाका. छावणीत पाण्याच्या टाक्या बसवणारा लागतो, गोदाम सांभाळणारा लागतो, हिशेबनीस लागतो आणि दुभाषा तर पावलोपावली लागतो. मी नोंदणीच्या टेबलावर सुरुवात केली. नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं मला आजही वाटतं.

वरवर पाहता हे काम कारकुनी आहे: नाव, वय, घरात किती जण, कोण आजारी. पण शिधा, ताडपत्री, ब्लँकेट, सगळं या यादीवरच मिळतं. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून चूक झाली. दोन मुलांना घेऊन एक बाई आली. मी फॉर्मप्रमाणे विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" ती बराच वेळ गप्प राहिली, मग नवऱ्याचं नाव सांगितलं. मी ते कार्डावर लिहिलं. नवरा बेपत्ता होता, आणि ते मी विचारलंच नव्हतं. वाटपाच्या दिवशी कार्डावरचा माणूस समोर नाही म्हणून तिला परत पाठवलं गेलं. संध्याकाळी शिल्लक पिशव्या मोजताना ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी राहुट्या धुंडाळून तिला गाठलं आणि कार्ड तिच्या नावावर केलं. मुलं मात्र एक रात्र उपाशी झोपली होती. तेव्हापासून मी "शिधा घ्यायला कोण येणार?" असं विचारतो, आणि कार्ड त्याच व्यक्तीच्या नावाने करतो.

वाटप संपलं की राहुट्यांमधून एक चक्कर माराच. रांगेत उभं राहू शकणाऱ्याला मदत मिळते. बाळंतीण, अंथरुणाला खिळलेले आजोबा, डोळ्यांनी न दिसणारी मुलगी त्या रांगेत नसतात.

आकडे पाठ करा. ‘स्फिअर’ या मानवतावादी मदतीच्या मानकांप्रमाणे माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २१०० किलोकॅलरी अन्न, ३.५ चौरस मीटर छताखालची जागा आणि २० जणांमागे एक शौचालय हवं. १५ लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक आणि धुणं-अंघोळ सगळं येतं, म्हणजे ते किती तुटपुंजं आहे ते बघा. आणि शौचालय मोजताना आतून कडी आहे का, वाटेवर दिवा आहे का, हेही बघा. अंधारात जायला लागू नये म्हणून बायका दुपारनंतर पाणी प्यायच्या थांबतात. तक्रार येत नाही, म्हणून ती अडचण कागदावर दिसत नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी वापरायला शिका. घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टी लाल दाखवू लागली, की ते तीव्र कुपोषण. त्या मुलाला लगेच उपचाराला पाठवायचं. पट्टी आवळायची नाही आणि सैलही सोडायची नाही. हे हाताला बसायला दोन-तीन दिवस लागतात.

कायद्याची तोंडओळखही हवी. १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल देशाची सीमा ओलांडलेल्यांसाठी आहेत. पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने २०२४ अखेर जगात सुमारे १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने विस्थापित होती, आणि त्यातली ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात होती. त्यांच्यासाठी १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती कुठल्याही सरकारवर करारासारखी बंधनकारक नाहीत.

"काय झालं, सांगा ना," असं कुणालाही विचारू नका. आपणहून बोलले तर ऐका, आणि पाणी, डॉक्टर, हरवलेला नातेवाईक यांपैकी आत्ता काय हवंय तिथे पोचवा. एकट्या सापडलेल्या मुलाला "मी त्याचा काका" म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका. कितीही घाई असो, बालसंरक्षणाच्या माणसाला बोलवा. फोटो तर नकोच. कोणत्या बाजूचे आहात, हेही विचारायचं नाही. एका बाजूचे म्हणून आपल्यावर शिक्का बसला, की दुसऱ्या बाजूच्या गावांचे रस्ते आपल्या गाड्यांना बंद होतात.

टीव्हीवर बघून एकटेच थेट युद्धक्षेत्रात जाऊ नका. तिथे एक जास्तीचं तोंड आणि एक जास्तीची काळजी होऊन बसाल. आधी एखाद्या संस्थेत काम करा, प्रथमोपचार शिका. निघण्यापूर्वी विमा, परिस्थिती बिघडली तर बाहेर काढायची योजना आणि ठरावीक आठवड्यांनी सुट्टी, या तीन गोष्टी लेखी मागा. टाळाटाळ करणाऱ्या संस्थेबरोबर जाऊ नका.