‘निरीक्षक’ म्हणजे नेमका कोणाचा? निवडणूक संस्थांवर लिहिताना या चुका टाळा

“संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांनी २०१७ मध्ये केनियाची निवडणूक रद्द केली.”

गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत सराव चाचणीचे पेपर तपासताना हे वाक्य मला एकाच रविवारी चार वेळा भेटलं. चौघांच्या नोट्स एकाच झेरॉक्सच्या दुकानातून निघाल्या होत्या, हे सांगायला नकोच. वाक्य एक, चुका तीन. निरीक्षक संयुक्त राष्ट्रांचे नव्हते. निवडणूक त्यांनी रद्द केली नाही. आणि त्यांचा सुरुवातीचा सूर तर रद्द करण्याच्या अगदी उलट होता.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून असल्या चुका लपत नाहीत. पर्यायांवर गोल करायचा होता तेव्हा अंदाजाने निभावून जायचं. आता पानभर लिहायचं म्हटलं की गोंधळ शाईत उतरतो.

घोळाची सुरुवात शब्दापासूनच

आपल्याकडे लोकसभेच्या वेळी ‘निरीक्षक आले’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो दुसऱ्या राज्यातून आलेला सनदी अधिकारी, शासकीय विश्रामगृहातला त्याचा मुक्काम आणि फायली घेऊन धावणारं तहसील कार्यालय. हा निरीक्षक भारत निवडणूक आयोगाचा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मधल्या कलम २० ब ने त्याला खरोखरचे दात दिले आहेत. बऱ्याच केंद्रांवर केंद्र बळकावण्याचा प्रकार झाला असं त्याचं मत झालं, तर तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला मतमोजणी थांबवायला किंवा निकाल जाहीर न करायला सांगू शकतो.

परदेशी निरीक्षकाकडे यातलं काहीच नसतं. तो बघतो, विचारतो, टिपून घेतो आणि अहवाल लिहितो. २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने, या कामाची तत्त्वं ठरली आणि अनेक संस्थांनी ती मान्य केली. यजमान देशाचे कायदे पाळायचे, कोणाची बाजू घ्यायची नाही, प्रक्रियेत हात घालायचा नाही, हा त्यांचा गाभा. केंद्राध्यक्ष डोळ्यांदेखत चुकत असला तरी या पाहुण्याने पेटीला हात लावायचा नाही.

तेव्हा ‘निरीक्षक’ हा शब्द उत्तरात एकटा सोडू नका. कोणाचा, ते त्याच वाक्यात सांगा.

पहिलं निवेदन म्हणजे निकाल नव्हे

आता केनिया. ८ ऑगस्ट २०१७ ला मतदान झालं. आफ्रिकन युनियन, युरोपियन युनियन, राष्ट्रकुल, कार्टर सेंटर ही अमेरिकेतली ना-नफा संस्था अशा सगळ्यांची पथकं तिथे होती. कार्टर सेंटरच्या पथकाचं नेतृत्व अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरींकडे होतं, आफ्रिकन युनियनच्या पथकाचं दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो एम्बेकींकडे. दोनेक दिवसांत प्राथमिक निवेदनं आली आणि मतदान केंद्रांवरच्या कामाबद्दल त्यांचा सूर बराचसा अनुकूल होता. पुढे १ सप्टेंबरला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन अशा बहुमताने अध्यक्षपदाची निवडणूक रद्द ठरवली आणि २६ ऑक्टोबरला फेरमतदान झालं.

म्हणजे निरीक्षक खोटं बोलले का? नाही. त्यांनी केंद्र पाहिलं होतं. न्यायालयाने पाहिलं ते केंद्रातला आकडा वर कसा पोहोचला हे.

हे कळायला आपली सतरा-सी, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब मांडणारा फॉर्म, डोळ्यांसमोर आणा. २० मे २०२४ ला नाशिकचं मतदान होतं आणि माझी ड्यूटी लागली होती. मतदान संपल्यावर यंत्रावरचा एकूण आकडा रजिस्टरशी जुळवायचा, सतरा-सी भरायची आणि प्रत्येक मतदान प्रतिनिधीला सही घेऊन प्रत द्यायची. आमच्या केंद्रावरच्या एका काकांनी ती प्रत दोनदा वाचली, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. त्या घडी घातलेल्या कागदाला मोल आहे ते एवढ्याचसाठी, की वर जाहीर होणारा आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो. केनियात मोजणी केंद्रावरच होते आणि तिथल्या अशा कागदाला ‘३४-ए’ म्हणतात. निकाल जाहीर झाला तेव्हा सगळ्या केंद्रांचे ३४-ए पाहायला उपलब्ध नव्हते, आणि न्यायालयाने सर्व्हर तपासू द्या म्हटल्यावर तिथल्या आयोगाने त्याची पूर्तता केली नाही. घोडं पेंड खातं ते इथे.

म्हणून ‘निरीक्षकांनी क्लीन चिट दिली’ हे वाक्य खोडा. प्राथमिक निवेदन आणि शिफारशींसह नंतर येणारा अंतिम अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मध्ये काही आठवडे, कधी महिने जातात. निवडणूक वैध की अवैध हे त्या देशातली यंत्रणा ठरवते.

प्रत्येक गोष्ट संयुक्त राष्ट्रांच्या खात्यावर टाकणं

संयुक्त राष्ट्रांचं मुख्य काम निवडणूक साहाय्याचं: मतदार याद्या, प्रशिक्षण, कायद्याबाबत सल्ला. तेही देशाने मागितलं तर, किंवा सुरक्षा परिषदेने वा आमसभेने सांगितलं तर. निरीक्षण ते क्वचितच करतात, कारण त्याला असा आदेश लागतोच. स्वतः निवडणूक घेणं तर त्याहून दुर्मीळ. १९९३ ची कंबोडियातली निवडणूक संयुक्त राष्ट्रांनी स्वतः घेतली, ते उदाहरण पाठ असू द्या. साहाय्य, निरीक्षण, आयोजन हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की परीक्षकाचा लाल पेन उघडतो. माझा तरी.

मिळत्याजुळत्या नावांच्या दोन संस्था

इंटरनॅशनल आयडिया ही लोकशाही आणि निवडणुकांवर काम करणारी सरकारांची संघटना. १९९५ मध्ये स्थापना, मुख्यालय स्टॉकहोम, आणि भारत संस्थापक सदस्य. २०२६ साठी तिच्या सदस्य देशांच्या परिषदेचं अध्यक्षपद भारताकडे आहे. आयआयआयडीईएम ही आपल्या आयोगाची दिल्लीतली प्रशिक्षण संस्था, २०११ पासूनची. त्यात आयफेस मिसळू नका: ती १९८७ ची अमेरिकेतली ना-नफा संस्था, सरकार नव्हे.

ए-वेब आणि फेम्बोसा या मात्र निवडणूक आयोगांच्याच संघटना. पहिली जगभरातल्या आयोगांची, २०१३ मध्ये दक्षिण कोरियात स्थापन झालेली. दुसरी दक्षिण आशियापुरती. एका उत्तरात जानेवारी २०२६ च्या नाशिक महापालिका निवडणुकीला ‘ए-वेबचा सदस्य असलेल्या आयोगाची निवडणूक’ म्हटलं होतं. ए-वेबचा सदस्य आहे भारत निवडणूक आयोग; महापालिका राज्य निवडणूक आयोगाची, तो वेगळा.

‘निरीक्षक गरीब देशांतच जातात’

ओएससीई, म्हणजे युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना. तिचं वॉर्सामधलं निवडणुका पाहणारं कार्यालय, ओडीआयएचआर, २००२ पासून अमेरिकेच्या निवडणुकांचंही निरीक्षण करतं, कारण अमेरिकेने १९९० मध्ये कोपनहेगनला इतर देशांसोबत तशी निमंत्रणाची तयारी दाखवली होती. २०१२ मध्ये टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने मात्र या निरीक्षकांना बजावलं होतं, की मतदान केंद्राच्या शंभर फुटांच्या आत आलात तर कायद्याने कारवाई होऊ शकते. दिल्लीत निमंत्रण, गल्लीत मज्जाव, असलं प्रकरण तिकडेही असतं.

भारत फक्त मदत घेणारा?

हा समज सगळ्यात जुना. सुदानची १९५३ ची निवडणूक घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते. नामिबियाने २०१४ मध्ये भारतीय मतदान यंत्रं वापरली. आणि मे २०२४ मध्ये २३ देशांतले ७५ प्रतिनिधी आपली निवडणूक पाहायला आले, त्यातले काही महाराष्ट्रातही. पण आयोग त्यांना ‘पाहुणे’ म्हणतो, निरीक्षक नव्हे, आणि ते शब्दाला शब्द जपून लिहा.

पैशांबद्दल एवढंच: करार झाला म्हणजे पैसे आले असं नाही. आयफेसशी आपल्या आयोगाचा २०१२ मध्ये करार झाला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या करारातून परदेशी पैसा आला अशा दाव्यांनी व्हॉट्सॲपवर धुरळा उडाला, तेव्हा करारावेळचे मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी त्यात निधीचा संबंध नव्हता असं स्पष्ट केलं.

त्या चौघांपैकी एकीने पुढच्या रविवारी वाक्य सुधारून आणलं: “आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची प्राथमिक निवेदनं अनुकूल असूनही केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल पोहोचवण्याच्या प्रक्रियेतील दोषांमुळे २०१८ मध्ये अध्यक्षीय निवडणूक रद्द ठरवली.” मी पूर्ण मार्क लिहिले, मग साल दिसलं आणि अर्धा कापला.