मीडियम फॉरमॅटसाठी मॅक्रो लेन्स घेताय? आधी फुटपट्टी काढा

मीडियम फॉरमॅट म्हणजे पस्तीस एमएमपेक्षा मोठ्या फिल्मचे किंवा सेन्सरचे कॅमेरे. त्यांच्यासाठी मॅक्रो लेन्स, म्हणजे छोट्या वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स, कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: फोटो कशाचा काढायचाय आणि ती वस्तू किती मिलिमीटरची आहे? माझं काम दागिन्यांचं, म्हणून उदाहरणं तिथलीच देते.

सहा बाय सहा (सेंटिमीटर) म्हणवणाऱ्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात फिल्मवरची चौरस चौकट प्रत्यक्षात ५६ मिमीची. नथ साधारण ४० मिमी रुंद धरा. ती चौकटीत ऐटीत बसायची तर फिल्मवरही ४० मिमीचीच उमटली पाहिजे, म्हणजे प्रमाण एकास एक. पस्तीस एमएमच्या २४ बाय ३६ चौकटीत तीच नथ एकास दोनलाच, म्हणजे फिल्मवर निम्म्या आकारात उमटूनही, भरून दिसते. फिल्म मोठी झाली की जवळचं काम सोपं होत नाही, उलट अवघड होतं.

खरी अडचण शार्प भागाच्या खोलीची. एकास एकला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ १६ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम तीन मिलिमीटर शार्प मिळतात. नथीचा पुढचा मोती असा येतो की त्यातलं सॉफ्टबॉक्सचं (मऊ प्रकाशाच्या पेटीचं) प्रतिबिंबसुद्धा कडेसकट दिसतं, आणि मागची तार पार पुसट. ॲपर्चर आणखी बारीक केलं तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, मोतीही मऊ पडतो. एकास दोनला मात्र तेच एफ १६ साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास देतं. म्हणून माझं मत असं, की एकास दोनपर्यंत नीट जाणारी जोडणी घ्या. त्यापुढचा हव्यास बहुतेकांना परवडतो पण लागत नाही. एकास दोनला सहा बाय सहावर ११२ मिमीचा चौरस टिपता येतो. तोडे, वाकी, तन्मणीचं खोड यांना तो भरपूर झाला. नुसत्या नथीच काढायच्या असतील तर सरळ पस्तीस एमएम वापरा, मला राग येणार नाही.

आता लेन्स. हॅसलब्लाड ५०० मालिकेचा कॅमेरा असेल तर १२० मिमी एफ ४ मॅक्रो-प्लॅनार. नावावर जाऊ नका, एकटी ती सुमारे एकास साडेचारपर्यंतच जाते. हिशेब सोपा आहे: फोकल लेन्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) गुणिले प्रमाण म्हणजे लेन्स किती पुढे सरकायला हवी ते. १२० च्या निम्मे ६०. त्यातले सव्वीसेक तिच्या स्वतःच्या रिंगमध्ये आहेत, उरलेल्यासाठी ३२ मिमीची ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. झालं काम. ट्यूब लावून ८० मिमीची नेहमीची लेन्सही तितकी जवळ जाते, पण वस्तूला इतकी चिकटते की लाइट ठेवायला जागा उरत नाही, आणि सपाट वस्तूच्या कडाही मार खातात. ट्यूब आधी कॅमेऱ्याला, मग लेन्स ट्यूबला. काढताना बरोबर उलटं. शटर भरलेलं (स्प्रिंग ताणून तयार ठेवलेलं) नसताना जोडाजोडी केलीत तर कॅमेरा अडकतो आणि मेकॅनिक शोधत फिरावं लागतं.

मामिया आरबी ६७ मध्ये बेलोज, म्हणजे लेन्स पुढे सरकवणारी भात्यासारखी घडी, अंगभूतच असते, सुमारे ४६ मिमीची. तिला १४० मिमीची मॅक्रो आणि ४५ ची पहिली ट्यूब जोडली की एकास दोन आरामात मिळतं. कॅमेरा मात्र धोंडा आहे. स्टँड हलका घेऊ नका. डिजिटलवाल्यांना फुजी जीएफएक्सची १२० मिमी एफ ४ मॅक्रो मूळातच एकास दोनला जाते. शिवाय फोकस ब्रॅकेटिंग करून, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून, त्या फ्रेम एकत्र जोडता येतात, त्यामुळे खोलीची कटकट बरीचशी मिटते.

लेन्स पुढे सरकली की फिल्मवर प्रकाश कमी पोचतो. म्हणून हातातल्या मीटरवर एक्स्पोजर काढत असाल तर एकास दोनला सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि एकास एकला दोन स्टॉप वाढवा. फ्लॅशलाही हाच नियम. फोकससाठी रिंग फिरवत बसू नका, ती फिरली की प्रमाणही बदलतं. रेलवर, म्हणजे स्टँडवर बसणाऱ्या सरकत्या पट्टीवर, कॅमेराच पुढेमागे सरकवा.

सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. लीफ शटर (लेन्सच्या आतच बसवलेलं शटर) असेल तर एक सेकंदावर दहाएक वेळा उडवून ऐका. एकदा जरी रेंगाळलं, तरी सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.