रोहिणीच्या आत कागद, मृगाच्या आत कापड

आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे शाळा उघडायची आणि कपाशी लावायची वेळ एकच. जूनच्या मध्यात एकीकडे बियाण्याची पाकिटं, खत, मजुरी. दुसरीकडे वह्या, बूट, रिक्षावाल्याचे पैसे. पैसा तोच, माणसंही तीच. म्हणून शाळेची तयारी जूनवर टाकायची नाही. आमच्या घरात ती नक्षत्रावर चालते. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, तिच्या आत सगळे कागद. मृग ७-८ जूनला, त्याच्या आत कापड, दप्तर, वह्या. पुढे कुणी मोकळं सापडत नाही.

आम्ही दोघी जावा, पोरं चार. जाऊबाईंची मोठी बारावी सायन्सला, त्यांचा मुलगा नववीला, माझी मुलगी सातवीला आणि धाकटा गावातल्या झेडपीच्या दुसरीत. चौघांच्या चार प्लास्टिकच्या फायली, चार रंगांच्या. प्रत्येकीत जन्मदाखला, आधार, मागच्या वर्षाचं गुणपत्रक, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट फोटो. फाईल लावताना एक काम बसून करा: सगळे कागद शेजारी मांडून नाव अक्षर-अक्षर जुळवा. आधारवर एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरं असलं तर शिष्यवृत्तीचा फॉर्म तिथंच अडकतो. आधारचे बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. नववी-दहावीतल्या पोरांचं हे हमखास राहतं, ते मेमध्येच उरकून घ्या.

उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल आणि रेशनकार्ड लागतं. सेतू केंद्रावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर गर्दी कमी. निकाल लागले की अख्खा तालुका तिथं उभा असतो. आरक्षणातून पुढच्या प्रवेशाला जायचं असलेल्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच टाकावा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या नोंदी शोधायला वेळ जातो. सासूबाई अशा वेळी एवढंच म्हणतात, ‘आतेच करी ल्या,’ म्हणजे आत्ताच करून घ्या.

आता पैसा. फी आणि वह्या-कपड्यांचे पैसे कापूस विकतानाच बाजूला काढायचे, मेमध्ये शोधायचे नाहीत. व्यापाऱ्याची पट्टी आली की आमचे जिभाऊ पोरांचा वाटा बँकेत वेगळा टाकतात, आणि त्याला बियाण्यासाठीही हात लावायचा नाही असं ठरलेलं आहे. कपाशीचं एक पाकीट नऊशेच्या घरात गेलंय, त्यामुळे मोह होतोच.

कापडाचं अक्खाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की लगेच बघा. तेव्हा शिंप्याकडे लग्नांची शिलाई असते खरी, पण माप तरी घेऊन ठेवतो. पँट आणि फ्रॉकला आतून चार बोटं दुमड ठेवायला सांगा, दिवाळीनंतर उसवता येते. गणवेश दोन जोड हवेतच. आमच्याकडे नळ रोज येत नाही आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. एकसारख्या कपड्यांवर ओळखीला कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचे दोन टाके, प्रत्येकाचा रंग फाईलचाच.

दप्तर अमळनेरच्या वैशाखातल्या सखाराम महाराजांच्या यात्रेत घेऊ नका. पोरं बोरी नदीच्या पात्रातल्या दुकानांसमोर हट्ट धरतील, तिथं खेळणं घेऊन द्या. दप्तराची चेन चांगल्या दुकानात चारदा उघडझाप करून बघायची असते. वह्या डझनाने घ्या. जळगावला जाणं होणार असेल तर फुले मार्केट फिरून भाव बघा. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. नववीपासून पुढची गल्लीतल्या वरच्या वर्गातल्या पोरांकडून आणा, आणि एखादं अडलंच तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे.

दप्तराचं ओझं पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असं धोरण सांगतं. कापूस मोजायचा काटा घरात असतोच, त्याला दप्तर टांगा. पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो. आमच्याकडे पहिल्याच दिवशी जादा निघतं ते पुस्तकांचं नसतं, दोन लिटरच्या बाटलीचं असतं.

एसटीने जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, मुलांना भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. हल्ली शाळेतूनच यादी पाठवून पास देतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना विचारून घ्या.

खरी ओढाताण शाळा सुरू झाल्यावर असते, आणि तिचं मूळ शेताला पाणी देणाऱ्या मोटारीच्या लाईटीत आहे. शेतीची वीज आमच्याकडे काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री असते. रात्रीची असली की बाप पहाटे शेतातून येऊन झोपलेला, स्टँडवर पोरांना सोडायला कुणी नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी तारखेच्या चौकोनात दोनच खुणा करते: निळी म्हणजे नळाचा दिवस, लाल म्हणजे लाईट रात्रीची. निळ्या दिवशी गणवेश धुवायचे. लाल आठवड्यात सातवीची पोर शेजारच्या नववीतल्या पोरींबरोबर जाते आणि दप्तरं रात्रीच भरून दाराशी ठेवायची, म्हणजे सकाळी शोधाशोधीचा आवाज होत नाही.

डब्याचं मी फार ताणत नाही. धाकट्याला शाळेतच पोषण आहार मिळतो, त्याच्या दप्तरात मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे आणि गूळ. बाकी तिघांना पोळी-भाजी. भाजी रात्रीच निवडून ठेवायची. फुणके करायचे ते रविवारी, शाळेच्या सकाळी वाफ द्यायला सवड कुणाला! उन्हाळ्यात केलेले बिबडे, पापड एका डब्यात खालच्या फळीवर ठेवा, पोरांच्या हाताला येतील असे.

दसऱ्यानंतर वेचणी लागली की आम्ही दोघी दिवसभर शेतात. तेव्हा पोरं परतायच्या वेळेला घरात म्हातारं माणूस नसेल तर किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवा, तुळशीच्या कुंडीखाली नको. काकूंना महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच चौघांच्या शाळा सुटायच्या वेळा लिहून द्या, शनिवारची वेगळी.