जुना पितळी मायक्रोस्कोप: घासण्याआधी हे वाचा

माळ्यावरून किंवा जुन्या बाजारातून पितळी मायक्रोस्कोप हाती आला की पहिला मोह होतो तो चिंच नाहीतर लिंबू-मीठ लावून समईसारखा लखलखीत करण्याचा. तेवढा आवरा. समई उघड्या पितळेची असते. मायक्रोस्कोपच्या पितळेवर मात्र बनवतानाच लाखेचा पातळ सोनेरी थर दिलेला असतो. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात, तीच ही जात. यंत्राला दिसणारा मधासारखा रंग या थराचा असतो. तो गेला की पितळ उघडं पडतं आणि ठाण्याच्या खाडीकाठच्या हवेत भराभर काळवंडतं. नवा थर चढवता येतो, पण मूळचा परत येत नाही.

म्हणून भांड्यांची पावडर, ब्रास पॉलिश, स्पिरिट, थिनर, अ‍ॅसिटोन यातलं काहीही नको. सॅनिटायझर लावलेले ओले हातसुद्धा नकोत, कारण त्यात अल्कोहोल असतं. बऱ्याच ब्रास पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि तो पितळेचा जुना वैरी. ब्रिटिश लष्कराने पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडायच्या. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया, दमट हवा आणि ओढून पातळ केलेल्या पितळेतला ताण, या तिन्हींचा तो परिणाम होता. मायक्रोस्कोपची नळीही तशीच पातळ पितळेची असते.

बाहेरची सफाई

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मऊ ब्रशने धूळ झाडा, कारण धुळीचे कण कापडाखाली आले की ओरखडे पडतात. मग कपभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बेबी शाम्पूचा एक थेंब टाका, कापसाची काडी बुडवून नीट पिळा आणि दोन-तीन सेंटिमीटरचा भाग पुसून लगेच सुक्या सुती कापडाने कोरडा करा. सुरुवात पायाच्या खालच्या बाजूने करा. थर सुटायला लागला तर तो तिथे कळलेला बरा.

सांध्यांतला हिरवट, चिकट मळ म्हणजे जुनं तेल. तेलातली आम्लं तांब्याशी मिळून हा हिरवा साबण बनतो. तो पाण्याने निघत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन काडीवर घ्या. त्यात तो मळ सुटतो आणि लाख विरघळत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नको.

स्क्रू आणि सरकणारे भाग

जुन्या कारागिरांनी स्क्रू एकेक करून बसवलेले असत. एका भोकातला स्क्रू दुसऱ्यात गेला तरी नीट आवळत नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा आणि प्रत्येक खणात चिठ्ठी टाका. पेचकसाचं पातं खाचेत घट्ट बसायला हवं. सैल पात्याने स्क्रूच्या माथ्याची खाच फाटते आणि ती जखम कायमची राहते. अडलेला गोल भाग पक्कडीने धरू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून हाताने फिरवा. तरीही हलला नाही तर हेअर ड्रायरने बाहेरचा भाग थोडा कोमट करा. भिंगं असलेल्या भागाला मात्र ऊब देऊ नका.

नळी वर-खाली करणारा मोठा स्क्रू जड फिरत असेल तर जोर लावू नका. आत ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं असतं आणि जोराने छोट्या चक्राचे दाते तुटतात. नळी काढा, सरकपट्टी आणि दाते टर्पेंटाइनने साफ करा, पूर्ण सुकू द्या. मग सरकपट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढं चांगलं लिथियम ग्रीस बोटाने पातळ पसरा. इथे खोबरेल तेल हमखास लावलं जातं. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि खवट झालं की पुन्हा तोच हिरवा मळ तयार करतं. शिवणयंत्राचं तेल फार पातळ असल्यामुळे नळी स्वतःच्या वजनाने खाली घसरते. ग्रीस लावूनही घसरत असेल तर चक्रावरच्या झाकणाचे स्क्रू समान, पाव-पाव फेरा आवळा.

बारीक फोकसचा स्क्रू शेवटच्या टोकाला अडकला असेल तर उलट दिशेने सावकाश फिरवा. आतली स्प्रिंग तुटली तर तसाच भाग बाजारात मिळत नाही.

भिंगं

ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूजवळचं भिंगांचं नळकांडं, उघडू नका. आतली भिंगं कॅनडा बाल्सम या राळेने चिकटवलेली असतात, आणि एकदा त्यांचं केंद्र हललं की घरी ते जुळत नाही. हवेच्या फुग्याने धूळ उडवा, मग त्याच शाम्पूच्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या लेन्स टिश्यूने मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवा. तपासायला सोपी युक्ती आहे: आयपीस (डोळा लावायचा वरचा भाग) उलटा धरा, तो उत्तम भिंग होतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. इंद्रधनुषी डाग किंवा नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसली तर बाल्सम सुटतोय. ते घरी दुरुस्त करू नका.

आयपीस मात्र उघडता येतो. ह्युजेन्स प्रकारच्या आयपीसमध्ये दोन भिंगं असतात, दोन्हींची सपाट बाजू डोळ्याकडे. पुसून परत बसवताना एखादं उलटं बसलं की चित्र कडांना पसरट दिसतं आणि दोष ऑब्जेक्टिव्हला दिला जातो.

ऑब्जेक्टिव्ह हरवला असेल तर आटे तपासा. १८५८ साली लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने प्रमाण आटे ठरवले: सुमारे २० मिमी व्यास, इंचाला ३६ आटे. हे असतील तर नंतरचे बरेच ऑब्जेक्टिव्ह बसतात. अनंत चिन्ह (∞) असलेला घेऊ नका, त्याला नळीत आणखी एक वेगळं भिंग लागतं. जुन्या इंग्रजी ऑब्जेक्टिव्हवर ‘१/४ इंच’ असं लिहिलेलं असतं. १० इंची नळीवर तो सुमारे ४० पट मोठं दाखवतो.

सुटे भाग

पेटीतला जाड भिंगाचा स्टँड अपारदर्शक वस्तूवर उजेड टाकायला असतो. तो उन्हात ठेवू नका, कापड पेटू शकतं. धातूच्या नळीतले निकोल प्रिझम (प्रकाश ध्रुवित करणारे) कॅल्साइट या खनिजाचे, फार मऊ. बोटाने किंवा स्पिरिटने पुसू नका. एकावर एक धरून त्यातला एकच फिरवला की पूर्ण फेऱ्यात दोनदा अंधार होतो. तसं झालं तर जोडी ठीक आहे. आरशाच्या मागचा चांदीचा मुलामा पाण्याने निघतो. जुन्या स्लाइड आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्या तर उन्हाळ्यात बाल्सम ओघळतो.

चाचणी ठाण्यातल्या उपवन किंवा मासुंदा तलावाच्या पाण्याच्या थेंबावर घ्या. उजेड उत्तरेच्या खिडकीचा, आरशाची खोलगट बाजू वर. आधी बाजूने पाहत ऑब्जेक्टिव्ह काचेजवळ आणा, मग डोळा लावून फक्त वर न्या. खाली नेताना डोळा लावला तर ऑब्जेक्टिव्ह स्लाइडवर आपटतो.

जून ते सप्टेंबर यंत्र लाकडी पेटीत बंद ठेवू नका, लाकूड ओल धरतं आणि बुरशी वाढते. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवून परत ठेवा. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ भिंगांवर बसते.