इंजिन लावायच्या आधी वही उघडा

परभणीला बुद्धिबळाच्या एका स्पर्धेत मी एच७ घरावर उंट टाकला, मुद्दाम बळी द्यायला. जुन्या डावांत बघून पाठच होतं ना, राजानं उंट खाल्ला की घोडा जी५ ला शह, मग वजीर एच५ ला, खेळ खल्लास. समोर सातवीतलं पोरगं, त्यानं उंट खाल्ला, शहाला राजा जी८ ला मागं घेतला, अन् तवा मला दिसलं की त्याचा घोडा एफ६ वर बसलाय, एच५ त्याच्याच ताब्यात! उंट गेला तो गेलाच.

घरी स्टॉकफिश लावलं (खेळ्या तपासणारं बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे प्रोग्राम; फुकट आहे, मोबाईलवर पण चालतं) आणि तिथंच दुसरी चूक केली, सगळे जुने डाव इंजिनचा आकडा (कोण किती वरचढ ते सांगणारा) बघत बघत चाळत बसलो. आकडा खाली आला की "हॅ, सॅक्रिफाइस (बळी) चुकीचं". लय दिवस असंच चाललं, शिकलो काहीच नाही.

आता १८५१ चा लंडनचा अँडरसन-किझरित्स्की डाव घ्या, ज्याला अमर डाव म्हणतात. पांढऱ्यानं, म्हणजे अँडरसननं, उंट, दोन्ही हत्ती आणि वजीरसुद्धा देऊन २३ व्या खेळीत मात केली. १८ व्या खेळीला अँडरसननं उंट डी६ ला नेला, इंजिनला ती खेळी फारशी पटत नाही, साधं प्यादं डी४ जास्त आवडतं. पण मजा पुढं आहे. काळ्यानं लगेच उंटानं जी१ वरचा हत्ती खाल्ला, मग पांढऱ्याचं प्यादं ई५ ला सरकलं अन् बी२ वरच्या काळ्या वजिराची जी७ पर्यंतची तिरपी वाटच बंद! त्याऐवजी काळ्यानं आधी वजिरानं ए१ चा हत्ती खाऊन शह, मग वजीर परत बी२ ला, असं केलं असतं तर डाव एवढ्यात संपला नसता. हे आकड्यात दिसत नाही, पटावर बसूनच दिसतं.

म्हणून नवीन पोरांना सांगतो, बळी दिला त्या खेळीवर थांबा, इंजिन बंद, वीस मिनिटं वहीत स्वतःच्या ओळी लिहा, बचाव करणाऱ्याच्या बाजूनं आधी. मग इंजिन लावा पण तीन पर्याय एकदम दाखवायला सांगा आणि जरा खोल, पुढच्या जास्त खेळ्यांपर्यंत जाऊ द्या, पहिल्या सेकंदाचा आकडा कधी कधी पार उलटतो. मेमध्ये फोन तापून हँग होतो, कूलरसमोर ठेवायचा. नंतर बळी खाणारी बाजू घेऊन इंजिनशीच खेळा. कास्पारोव-टोपालोव यांच्या १९९९ च्या डावात हे करून बघा, २४ व्या खेळीला डी४ वरचा हत्ती खायचा मोह आवरतो का, टोपालोवला नाही आवरला, त्याचा राजा ए७ वरून फरफटत पार डी१ ला गेला.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर परभणीचाच डाव आहे, एफ६ च्या घोड्याला लाल पेनानं गोल केलाय.