मियाटाचा बेल्ट बदलताय? मग या चुका टाळा

माझदा मियाटा, म्हणजे युरोपातली एमएक्स-5 आणि जपानमध्ये सुरुवातीला युनोस रोडस्टर नावाने विकली गेलेली गाडी, स्वतःच्या हाताने काम शिकायला एक नंबर स्पोर्ट्स कार आहे. इंजिन लांबीत बसवलेलं असल्यामुळे बेल्टची सगळी बाजू रेडिएटरकडे तोंड करून असते, बोनेट उघडलं की पुली समोरच दिसतात. आणि तरीही या साध्या कामात लोक इतका घोळ घालतात की दोन स्वस्त बेल्टपायी वॉटर पंप, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), कधी कधी अख्खं हेड (इंजिनचा वरचा भाग) काढायची पाळी येते. मी लिहितोय ते पहिल्या दोन पिढ्यांबद्दल, 1989 ते 2005 च्या गाड्या. त्यानंतर इंजिनच बदललं त्यामुळे तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पुढे जे दोन पातळ बेल्ट दिसतात त्यातला एक अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो, दुसरा पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा) तिसरा, तो प्लास्टिकच्या कव्हरमागे असतो, बाहेरून दिसतच नाही आणि त्याचा हिशोब वेगळा (साधारण 60,000 मैलांनी बदलतात). सेकंडहँड गाडी घेताना मालक म्हणतो "बेल्ट नवीन टाकलाय" तेव्हा कुठला बेल्ट ते विचारा, कारण बऱ्याचदा बाहेरचा टाकलेला असतो आणि घेणारा टायमिंगचं काम झालं समजून निवांत राहतो.

बॅटरीचा दिवा लागला तरी गाडी दामटणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला की लोक म्हणतात अल्टरनेटर गेला वाटतं, बॅटरीवर पोचू घरी, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. पण मियाटात तो बेल्ट तुटला असेल तर वॉटर पंपही त्याच क्षणी बंद पडलेला असतो. इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, पाणी फिरायचं थांबलं की हेड आधी तापतं, वाकतं आणि हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) जातं. त्या दहा मिनिटांचं बिल गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतं. म्हणून दिवा लागला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, बोनेट उघडून बेल्ट आहे का बघा. नसेल तर टो करा, विषय संपला.

दुसरा, म्हणजे स्टिअरिंग-एसीचा बेल्ट तुटला तर तेवढी घाई नाही. स्टिअरिंग जड होईल, एसी बंद पडेल, पण गाडी घरी येते. फक्त तुटलेल्या बेल्टच्या चिंध्या पुलीला गुंडाळलेल्या असतील तर निघण्याआधी इंजिन बंद करून त्या काढून टाका, नाहीतर त्या शेजारच्या बेल्टमध्ये अडकून त्यालाही घेऊन जातात आणि मग पुन्हा वॉटर पंप बंद.

आवाज आला की सरळ नवीन बेल्ट

बेल्ट किंचाळतो म्हणजे बेल्टच खराब, असं नसतं. कशावर लोड आला की आवाज येतो ते ऐका. थंडीत सकाळी गाडी चालू करून हेडलाइट लावले, हीटरचा फॅन लावला आणि किंचाळलं तर अल्टरनेटरवाला बेल्ट. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा एसी लावल्यावर किंचाळलं तर दुसरा. एवढ्यानेच अर्धं काम होतं.

मग पाण्याची टेस्ट. इंजिन चालू ठेवून स्प्रे बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडंसं पाणी उडवा, हात आणि बाही फिरणाऱ्या भागांपासून लांब ठेवून. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय. आवाज थोडा वेळ बंद होऊन परत आला तर बहुतेक पुली एका रेषेत नाहीत, म्हणजे कुठलं तरी बेअरिंग गेलंय किंवा ब्रॅकेट नीट बसलेलं नाही, आणि तिथे तुम्ही कितीही भारी बेल्ट टाका, काही दिवसांनी परत तोच चिवचिवाट.

बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे मिळतो तो मात्र अजिबात नको. आवाज दोन दिवस दबतो, धूळ चिकटून बसते आणि खरी भानगड झाकली जाते. बेल्टवर तेल किंवा कूलंट सांडत असेल तर आधी गळती बंद करा. तेलात भिजलेला बेल्ट पुसून परत वापरायचा नसतो, तो बदलायचाच.

अजून एक, भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला हा जुना हिशोब आता चालत नाही. पूर्वीच्या निओप्रीनच्या बेल्टला भेगा पडायच्या, आता येणारे ईपीडीएम या वेगळ्या रबराचे बेल्ट बरीच वर्षं वरून झकास दिसतात पण आतून खाचा झिजून रुंद होतात, मग बेल्ट पुलीत खोल बसतो आणि घसरतो. नवीन बेल्ट शेजारी धरून खाचांची खोली बघा, फरक लगेच कळतो.

बेल्ट मागवताना फक्त मॉडेल आणि वर्ष सांगणे

काही जुन्या मियाटात पॉवर स्टिअरिंग नाही, काहींचा एसी आधीच्या मालकाने काढून टाकलाय, 1.6 आणि 1.8 लिटरची इंजिनं वेगळी. म्हणून जुन्या बेल्टवरचा नंबर वाचा. समजा 4पीके885 लिहिलंय, तर 4 म्हणजे धारा चार, आणि 885 म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. नंबर पुसला गेला असेल तर तुमच्या गाडीत काय काय बसवलेलं आहे ते बघून मगच मागवा. थोडा लांब बेल्ट बसतो खरा, पण अ‍ॅडजस्टर शेवटाला पोचतो आणि पुढे ताणायला जागाच उरत नाही.

काम करताना

इंजिन थंड असू दे. मियाटाची बॅटरी बोनेटखाली नाही, डिकीत आहे, आणि बरोबर याच कारणाने लोक ती काढायची विसरतात. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरला कायम करंट असतो, पाना तिथून बॉडीला टेकला की ठिणगी उडते, हात भाजतो. डिकी उघडा, निगेटिव्ह काढा, मग पुढे या.

अल्टरनेटरचा बेल्ट आतल्या बाजूला असतो त्यामुळे बाहेरचा बेल्ट आधी काढावाच लागतो. हाताशी असताना दोन्ही बदला, कारण दोघांचं वय सहसा सारखंच असतं.

आता मुख्य चूक. अल्टरनेटरला तीन बोल्ट लक्षात ठेवायचे: खालचा लांब पिव्हट बोल्ट (ज्यावर अल्टरनेटर झुलतो तो), वरचा लॉक बोल्ट, आणि ताण कमीजास्त करणारा अ‍ॅडजस्टर. 12 आणि 14 चे पाने पुरतात. पिव्हट आणि लॉक दोन्ही ढिले केल्याशिवाय अ‍ॅडजस्टर फिरवायचा नाही. लोक वरचा लॉक ढिला करतात, खालचा पिव्हट हाताला लागत नाही म्हणून तसाच ठेवतात आणि अ‍ॅडजस्टरवर जोर लावतात, मग बोल्ट वाकतो नाहीतर आटे जातात. पिव्हट गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पहार घालून अल्टरनेटर रेटायचा तर प्रश्नच नाही, त्याची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असते, चिरते. दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसर जागचा हलत नाही, तिथे पॉवर स्टिअरिंगचा पंप सरकवून ताण द्यायचा, पद्धत तीच.

बेल्ट काढलेला असतो तेव्हा प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा, हे कोणी करत नाही आणि खरी माहिती इथेच मिळते. अल्टरनेटर गुळगुळीत आणि जवळपास बिनआवाज फिरला पाहिजे. वॉटर पंपची पुली धरून पुढे-मागे हलवा, खटखट जाणवली किंवा पंपाच्या खालच्या छोट्या भोकापाशी कूलंटचे सुकलेले ओघळ दिसले तर पंप जायला टेकलाय, आणि तो जाताना नवीन बेल्टही घेऊन जाईल.

सुरुवातीच्या 1.6 गाड्यांमध्ये, 1991 पर्यंतच्या, क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) मुख्य पुली फार नीट बघा. त्या इंजिनांचं क्रँकचं नाक आखूड होतं आणि तिथली चावीची खाच झिजून पुली डुगडुगायला लागते. पुलीच्या मधल्या भागात बाहेरून चार खाचा दिसल्या तर आखूड नाकाचं, आठ दिसल्या तर नंतरचं लांब नाकाचं. चार खाचांची पुली इंजिन चालू असताना लटपटताना दिसली तर बेल्ट बाजूला ठेवा, आधी क्रँक दाखवून घ्या. इंजिन हाताने फिरवायचं झालं तर गाडी न्यूट्रलमध्ये, क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टला 21 ची गोटी (सॉकेट), आणि समोरून बघताना घड्याळाच्या दिशेनेच. उलटं फिरवलं की तोच महत्त्वाचा बोल्ट ढिला व्हायची भीती असते.

आवळून आवळून ताणणे

नवीन बेल्ट बसवताना सगळ्यांचा हात इथे सुटतो. ढिला बेल्ट निदान ओरडून सांगतो, जास्त ताणलेला मुकाट फिरतो आणि आतल्या आत वॉटर पंप आणि अल्टरनेटरची बेअरिंगं खातो, आणि बेअरिंग गेल्यावर लोक म्हणतात पंपच डुप्लिकेट निघाला. सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मधोमध अंगठ्याने साधारण 10 किलोचा जोर देऊन दाबा, 8 ते 10 मिलिमीटर दबला पाहिजे, नवीन असेल तर 8 च्या बाजूला, वापरलेला असेल तर 10 च्या. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. शेजारी छोटी पट्टी धरून मोजा, अंदाजावर सोडू नका. गिटारच्या तारेसारखा टणटण वाजला तर जास्त झालंय.

ताण जमला की आधी वरचा लॉक, मग पिव्हट आवळा आणि परत एकदा मोजा, कारण आवळताना ताण थोडा बदलतोच. मग प्रत्येक पुलीच्या मागून बोट फिरवा. चार धारांपैकी एक बाहेर लटकत असेल तर समोरून बरेचदा दिसत नाही, बोटाला मात्र लगेच लागते, आणि असा एक खाच चुकलेला बेल्ट थोड्याच वेळात कडेने फाटत जातो.

बॅटरी जोडून इंजिन पाचेक मिनिटं चालवा, हेडलाइट, एसी, स्टिअरिंग सगळ्याचा लोड देऊन ऐका, बंद करून ताण परत बघा. नवीन बेल्ट पहिल्या काही दिवसांत बसतो आणि ढिला होतो, तेव्हा दोन-तीनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनवर पुन्हा मोजून लागला तर थोडा ताण द्या. काढलेला जुना अल्टरनेटरचा बेल्ट अजून धड असेल तर 12-14 च्या पान्यांसोबत डिकीत बॅटरीशेजारी ठेवून द्या.