पाप टाळण्यापलीकडचे ख्रिस्ती जीवन
दारू, खोटे आणि व्यभिचार टाळला म्हणजे ख्रिस्ती जीवन पूर्ण झाले, असा समज मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, सहज रुजतो. परंतु लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतील याजक आणि लेवी (मंदिरातील सेवक) यांनी जखमी वाटसरूला इजा केली नव्हती, ते केवळ बाजूने निघून गेले, आणि याकोबाच्या पत्रातील ४:१७ हे वचन अशा कळूनही न केलेल्या चांगुलपणालाच पाप ठरवते. म्हणून रात्रीच्या प्रार्थनेत ‘आज काय चुकले’ याबरोबरच ‘आज कोणाचे भले करायचे राहिले’ हेही स्वतःला विचारावे, आणि उत्तरात नेमक्या माणसाचे नाव यावे. मराठवाड्यात अशी नावे शोधत हिंडावे लागत नाही: ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याची मुले आजीजवळ राहत असतील, तर आठवड्यातील एका ठरलेल्या वारी त्यांचा अभ्यास घ्यावा, उन्हाळ्यात टँकर आला की एकट्या म्हातारीच्या घागरी आधी भरून द्याव्यात. मदत मंडळीपुरती ठेवू नये, आणि तिच्या बदल्यात कोणी उपासनेला यावे अशी अपेक्षा तर मुळीच धरू नये. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी १९ व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. तेवढा आवाका बहुतेकांचा नसतो, आणि तशी गरजही नाही. एकच जबाबदारी घ्यावी, ती सुगीच्या धांदलीतही टिकली तरच दुसरी घ्यावी.